अनेकांच्या मोबाईलमधून एक चित्रफीत : शेतकऱ्यांनी चित्रण कसे करावे?

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायीने सोयाबीनची केलेली नासधूस आपल्या स्मरणात असेलच. उगवून आलेली कोवळी रोपे एका रात्रीत जमिनीलगत कुरतडली जात होती. अनेकांना दुबार, काहींना तिबार पेरणी करावी लागली. पुढे गोगलगायीच्या नुकसानीसाठी शासनाला वेगळी मदत मंजूर करावी लागली.

ही कीड रात्री हिंडणारी आहे. दिवसा ती बांधावरच्या गवतात, दगडांखाली, पालापाचोळ्यात ओलावा धरून बसते. कृषी विभागाचा कर्मचारी असो की विद्यापीठाचा शास्त्रज्ञ, तो शेतात येतो दिवसा. त्याला दिसतात ती कुरतडलेली रोपे आणि जमिनीवर वाळलेल्या चिकट द्रवाची चकाकणारी रेघ. गोगलगाय कोणत्या बांधावरून येते, किती वाजता बाहेर पडते, पानावर चढते की खोडालाच तोंड लावते, हे पाहणारा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी. आता त्याच्या खिशात मोबाईलही असतो.

औशाच्या एका शेतकऱ्याने रात्री काढलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा, रेणापूरच्या दुसऱ्याने टिपलेली मातीतली अंडी आणि निलंग्याच्या तिसऱ्याने दाखवलेले गुळाच्या पाण्यात भिजवलेले बारदान, असे तुकडे एकत्र आले तर त्यांतून सात-आठ मिनिटांची अशी चित्रफीत होऊ शकते, जी पुढच्या वर्षी मुखेड किंवा कंधारच्या शेतकऱ्याला वेळेआधी सावध करील. अनेकांनी आपापल्या मोबाईलवर चित्रण करावे आणि एका ठिकाणी त्याचे संकलन व्हावे, ही पद्धत जगात आता रुळली आहे. ती कशी चालते आणि त्यात आपला तुकडा उपयोगी पडावा यासाठी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

जगात हे कसे झाले

पूर्वी शेतीचा कार्यक्रम म्हणजे दूरदर्शन. 'कृषिदर्शन' २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाले. मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती, आमची माणसं' आपल्यापैकी अनेकांनी ग्रामपंचायतीच्या संचासमोर बसून पाहिला असेल. त्या काळी चित्रण करणारे पथक जीप घेऊन गावात यायचे. त्यांच्या येण्याची तारीख आधी ठरलेली असे, आणि कीड काही त्या तारखेची वाट पाहत नसे.

सामान्य माणसांनी स्वतः केलेल्या चित्रणातून मोठा माहितीपट करण्याचा गाजलेला प्रयोग २०१० सालचा आहे. २४ जुलै २०१० या एकाच दिवशी आपल्या आयुष्यात काय घडले ते टिपून पाठवा, असे आवाहन यूट्यूबवरून जगभर करण्यात आले. सुमारे ८० हजार चित्रफिती आल्या, एकूण साडेचार हजार तासांच्या. केविन मॅकडोनाल्ड या दिग्दर्शकाने आणि त्यांच्या संकलकांनी त्यातून दीड तासाचा 'लाईफ इन अ डे' हा चित्रपट तयार केला. या प्रयोगातील एक बाब आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या भागांत लोकांकडे कॅमेरे नव्हते, तेथे आयोजकांनी मुद्दाम सुमारे ४०० कॅमेरे पाठवले. तसे केले नसते तर जगाच्या नावाखाली फक्त शहरांचेच चित्र दिसले असते. दहा वर्षांनी, २५ जुलै २०२० रोजी, हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा ३ लाख २४ हजार फिती आल्या. दरम्यान स्मार्टफोन घरोघर पोहोचला होता. आपल्या देशातही १० ऑक्टोबर २०१५ या दिवसाचे असेच चित्रण मागवून रिची मेहता यांनी 'इंडिया इन अ डे' हा चित्रपट केला.

शेतीत हा विचार वेगळ्या वाटेने आला. बंगळूर येथे २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या उपक्रमात गावातल्याच शेतकऱ्याचे चित्रण गावातल्याच माणसाने करायचे आणि छोट्या प्रोजेक्टरवर ते शेजारच्या गावात दाखवायचे, अशी पद्धत बसवण्यात आली. ती पुढे इथिओपियापर्यंत गेली. पडद्यावरचा माणूस आपल्यासारखाच कोरडवाहू शेती करतो हे दिसले की पाहणारा पुढे सरकून बसतो, हा यातला मुख्य धडा. 'ॲक्सेस ॲग्रिकल्चर' ही संस्था शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी सांगितलेल्या चित्रफिती शंभराहून अधिक भाषांत उपलब्ध करून देते. आफ्रिकेतल्या बाईने दाखवलेली पद्धत आपल्याकडची बाई आपल्या भाषेत ऐकू शकते, कारण चित्र तेच राहते आणि आवाज तेवढा बदलतो.

गोगलगायीच्या बाबतीत तर हे विशेष जुळते. ही मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ च्या सुमारास ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. तिचा त्रास आज ज्या ज्या देशांत आहे, तेथील शेतकऱ्याने टिपलेला तुकडा आपल्या उपयोगाचा आहे आणि आपला त्याच्या.

तुकड्यासोबतची माहिती : ठिकाण, तारीख, वेळ

फेब्रुवारी २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सकाळी एक मोठी उल्का फुटली. तेथील लोकांच्या गाड्यांना कॅमेरे बसवलेले असतात. शेकडो फितींत तो प्रकाश आपोआप टिपला गेला. हजारो मैल दूर बसलेल्या शास्त्रज्ञांनी त्या फितींवरून उल्का कोठून आली याचे गणित मांडले. एका चौकातील दिव्यांच्या खांबांच्या सावल्या कशा फिरल्या, यावरून तिची दिशा काढता आली. हे शक्य झाले ते चौक कोणता आणि वेळ कोणती हे पक्के माहीत होते म्हणून. चित्र कितीही झगझगीत असते आणि ठिकाण माहीत नसते, तर त्याचा गणिताला काडीचा उपयोग झाला नसता.

आपल्याकडे नेमके येथेच घोडे अडते. व्हॉट्सॲपच्या गटावर पिवळ्या पडलेल्या सोयाबीनची फीत येते. खाली लिहिलेले असते, 'साहेब, उपाय सांगा.' गाव नाही, वाण नाही, पेरणीची तारीख नाही, फवारणी काय झाली ते नाही. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा असू शकतो, शेतात पाणी साचल्याचा असू शकतो, किंवा पांढऱ्या माशीने पसरवलेल्या पिवळ्या मोझॅकचा असू शकतो. २०२३ मध्ये लातूर-नांदेडसह मराठवाड्यात या मोझॅकने मोठे नुकसान केले, तेव्हापासून शेतकऱ्याला प्रत्येक पिवळे पान मोझॅकचेच वाटते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीच्या फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसतो. शिवाय अशी फीत दहा गटांत फिरून परत येते, तेव्हा ती कोणाची, कोणत्या वर्षाची हे मूळ पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून चित्रण सुरू करताच पहिल्या पाच सेकंदांत तोंडाने बोलावे : 'आज अमुक तारीख, सकाळचे सात वाजले आहेत, गाव अमुक, तालुका चाकूर, सोयाबीन, अमुक वाण, पेरणी होऊन बावीस दिवस झाले, जमीन मध्यम.' ही माहिती लिहून पाठवण्यापेक्षा बोललेली बरी, कारण लिहिलेला मजकूर फितीपासून सुटतो आणि बोललेला तिच्यातच राहतो. आपला आवाज अंतिम चित्रफितीत नको असेल तर संकलक तो काढून टाकू शकतो. नसलेली माहिती मात्र त्याला घालता येत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फीत पाठवली की ती दाबून लहान केली जाते. चित्र धूसर होते आणि चित्रणाची मूळ नोंद नाहीशी होते. त्याऐवजी 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडून तीच फीत पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. जास्त डेटा खर्च होतो हे खरे. त्यामुळे फिती लहान असाव्यात.

चित्रण करताना

मोबाईल आडवा धरावा. उभ्या धरलेल्या चित्राच्या दोन्ही बाजूंना पडद्यावर काळ्या पट्ट्या येतात. सेटिंगमध्ये 'फुल एचडी' ठेवावे, त्यापेक्षा वरचा दर्जा घेऊन मोबाईलची जागा भरू नये. सुरुवात करण्यापूर्वी मागील भिंग सुती कापडाने पुसून घ्यावे. शेतात काम करणाऱ्याच्या मोबाईलच्या भिंगावर घाम आणि धूळ असतेच आणि निम्म्या धूसर चित्रांचे कारण तेवढेच असते. सूर्य आपल्या पाठीशी असावा, पण आपली सावली रोपावर पडू देऊ नये. दुपारच्या कडक उन्हापेक्षा सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर पान चांगले दिसते.

प्रत्येक गोष्टीची तीन चित्रे घ्यावीत, हा संकलनाचा जुना आणि खात्रीचा नियम आहे. पहिल्यात सगळे शेत दिसावे, म्हणजे प्रादुर्भाव सरसकट आहे, बांधालगत आहे की ठिपक्याठिपक्यांनी आहे हे कळते. दुसऱ्यात एक रोप मुळापासून शेंड्यापर्यंत दिसावे. तिसऱ्यात कीड किंवा लक्षण जवळून दिसावे. प्रत्येक चित्र मोजून दहा सेकंद, हात न हलवता घ्यावे. कोपरे छातीला टेकवून श्वास रोखला तर हात स्थिर राहतो. मोबाईल डावीकडून उजवीकडे भिरभिर फिरवलेले चित्र कोठेही कापता येत नाही आणि पाहणाऱ्याला गरगरते. बोटांनी पडद्यावर चित्र मोठे करू नये. त्याऐवजी स्वतः जवळ जावे. वीतभर अंतरावर थांबून पडद्यावर त्या किडीवर बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा तेथे नजर बसवतो. पानामागे पांढरा कागद किंवा वहीचे पान धरले तर लहान किडीही उठून दिसतात. आकार कळण्यासाठी बाजूला काडेपेटी किंवा नाणे ठेवावे.

आता पिकांच्या उदाहरणांनी पाहू. खोडमाशीचा प्रादुर्भाव बाहेरून फारसा कळत नाही. रोप उपटून खोड ब्लेडने उभे चिरावे. आत लालसर नागमोडी भुयार आणि फिकट पिवळी अळी दिसेल. हे चिरणे सुरुवातीपासून, एकही तुकडा न तोडता टिपावे. आधीच चिरलेले खोड दाखवले तर पाहणाऱ्याला ते कोठून आले हे समजत नाही. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर खाचा करते आणि त्यांच्यामध्ये अंडी घालते. त्यावरचा भाग सुकतो. तेथे दोन्ही खाचा एका चित्रात आल्या पाहिजेत. कपाशीत गुलाबी बोंडअळीची ओळख पटते ती न उमललेल्या डोमकळीवरून. डोमकळीच्या पाकळ्या बोटांनी सावकाश उघडून आतील अळी दाखवावी.

गोगलगायीचे चित्रण रात्रीचे, त्यामुळे थोडे अवघड. मोबाईलचा स्वतःचा दिवा समोरून पडला की कवच चकाकते आणि बाकी सारे काळे होते. दुसऱ्या माणसाच्या हातात बॅटरी देऊन ती बाजूने, जमिनीलगत धरायला सांगावी. मातीचा उंचसखलपणा, द्रवाची रेघ आणि रोप हे सगळे तेव्हा दिसते. अंडी साबुदाण्यासारखी, मातीत थोड्या खोलीवर झुबक्याने असतात, ती उकरतानाच टिपावीत. गोगलगाय उघड्या हाताने उचलून कॅमेऱ्यासमोर धरू नये. तिच्या शरीरात माणसाला अपाय करणारे जंत असू शकतात. हातमोजे किंवा चिमटा वापरावा. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकण्याची क्रिया, बांधालगत टाकलेली चुन्याची पट्टी, सायंकाळी ठेवलेले आणि सकाळी उचललेले बारदान हे सर्व चित्रणासाठी उत्तम विषय आहेत, कारण वाचून जे समजत नाही ते पाहून एकदम समजते. विषारी आमिषाचे चित्रण मात्र तज्ज्ञांची शिफारस हाती असल्याशिवाय करू नये. मात्रा कोणी ऐकली, कोणी चुकीची ऐकली, असे होते आणि गुरे-कुत्री दगावतात.

आवाजाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वारा असेल तर मोबाईलमध्ये नुसता खरखराट भरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, ट्रॅक्टर व मोटार बंद करावी. आणि एक सूचना सीमेवरील तालुक्यांसाठी विशेष : प्रत्येक चित्र दोनदा घ्यावे, एकदा बोलत आणि एकदा अगदी न बोलता. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगण आहे, उदगीर-निलंग्याच्या पलीकडे बिदर. तेथेही सोयाबीन आणि तूर आहे, तेथेही तीच कीड आहे. न बोललेल्या चित्रावर तेलुगू किंवा कन्नड निवेदन चढवता येते, आणि तिकडच्या शेतकऱ्याने पाठवलेल्या मूक तुकड्यावर आपले मराठी. अनेक देशांतल्या फिती एकत्र गुंफणारे संकलकही हेच मागतात.

कापलेल्या फितीचा धोका

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या महिन्यांत देशभर अशा अफवांचे पीक आले होते, आणि त्या वेळी फिरणाऱ्या फितींपैकी एक मुळात कराचीतील जनजागृतीची होती. मुलांची काळजी घ्या, असे सांगण्यासाठी केलेले ते नाट्य होते. शेवटी मूल परत दिले जाते आणि संदेश येतो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि नाट्याचे 'पुरावे' झाले.

शेतीच्या फितीत जीव जाण्याइतके काही नाही, असे म्हणून हा विषय सोडून देणे मला योग्य वाटत नाही. जुन्या वर्षाचा पूर यंदाचा म्हणून फिरतो, दुसऱ्या राज्यातील टोळधाड आपल्या तालुक्यात आली म्हणून सांगितले जाते, आणि घाबरून शेतकरी औषधाच्या दुकानात धावतो. एखाद्या औषधाने दोन दिवसांत पीक हिरवे झाल्याची फीत दाखवली जाते, पण त्याच दोन दिवसांत पाऊस पडला होता हे कापलेले असते. म्हणून दुसऱ्याकडून आलेली फीत 'माझ्या शेतातील' म्हणून कधीही पुढे पाठवू नये. आणि आपल्या फितीत उपाय दाखवला असेल तर उपाय न केलेली एक ओळही शेजारी दाखवावी. विद्यापीठाच्या प्रयोगात जशी तुलनेसाठी ओळ ठेवतात तशीच ही. ती नसेल तर आपल्या म्हणण्यावर शास्त्रज्ञ विश्वास ठेवणार नाही आणि त्याचे चूकही म्हणता येणार नाही.

संकलनाच्या ठिकाणीही तपासणी व्हावी लागते. एकाच लक्षणाचे किमान दोन-तीन वेगवेगळ्या गावांतील तुकडे आले, पाठवणाऱ्याशी फोनवर बोलणे झाले आणि विषयतज्ज्ञाने पाहिले, तरच तो भाग अंतिम फितीत घ्यावा. राज्यात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. तीत ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी किडी मोजतात. मोबाईलच्या फिती त्या मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत. हजार शेतकऱ्यांनी फिती पाठवल्या म्हणजे हजार ठिकाणी कीड आहे एवढेच कळते. ज्यांच्याकडे कीड नाही ते फीत पाठवत नाहीत.

संमती, श्रेय आणि पंचनामा

दुसऱ्याच्या शेतात चित्रण करण्यापूर्वी त्याला विचारावे. खुरपणाऱ्या बायकांचे चेहरे त्यांच्या होकाराशिवाय टिपू नयेत. त्यांच्याकडेच बियाणे साठवण, निंदणी, जनावरांची निगा यांचे ज्ञान जास्त असते, तेव्हा त्यांनाच बोलायला सांगितले तर उत्तम. मात्र मोबाईल बहुधा घरातील पुरुषाच्या खिशात असतो, आणि त्यामुळे जमणाऱ्या फितींत पुरुषच दिसतात. 'लाईफ इन अ डे'च्या आयोजकांनी कॅमेरे पाठवले त्याचे कारण आठवावे आणि एखाद्या सकाळी मोबाईल घरातील बाईच्या हाती द्यावा.

सातबारा, आधार किंवा बँकेचे पुस्तक फितीत दिसू देऊ नये. फीत कोणाला, कशासाठी दिली हे संदेशात लिहून ठेवावे आणि ज्याने चित्रण केले त्याचे नाव शेवटी यावे, अशी मागणी करावी. ती रास्त आहे. यूट्यूबवर टाकलेल्या फितीवर जाहिरातीचे पैसे मिळतात. दुसऱ्याच्या शेतातील मेहनत स्वतःच्या नावाने चढवणारे लोक कमी नाहीत.

ई-पीक पाहणीत २०२१ पासून आपण स्वतः पिकाचे छायाचित्र टाकत आलो आहोत. त्यामुळे मोबाईलवर काढलेले काहीही सरकारी पुरावा ठरते, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. ई-पीक पाहणीतील छायाचित्र त्या ॲपमधून, त्या गटातच काढलेले असते. आपण गटावर टाकलेली फीत म्हणजे पंचनामा नव्हे. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत ॲपवरून देण्याची पद्धत आपल्याकडे होती, परंतु खरीप २०२५ पासून राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पन्नावर आधारली. नियम बदलत राहतात, ते दर हंगामाला कृषी कार्यालयातून विचारून घ्यावेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने वेढलेल्या गावांच्या फिती सगळीकडे पोहोचल्या, तरी मदतीसाठी पंचनामाच लागतो. आणि पुराच्या पाण्यात उतरून, किंवा विजा चमकत असताना उघड्यावर चित्रण करण्याचे धाडस कोणीही करू नये.

गावात सुरुवात कशी करावी

आठ-दहा शेतकऱ्यांचा गट करावा आणि एका हंगामात एकच विषय घ्यावा. कोणी कोणते चित्र घ्यायचे हे आधी कागदावर लिहावे. सगळे जण गोगलगायच टिपत बसले तर चुन्याची पट्टी कोणीच टिपत नाही. फितींना नाव देताना तारीख, गाव आणि विषय एवढेच लिहावे. सर्व तुकडे एकाच्या संगणकावर किंवा मेमरी कार्डवर जमा करावेत. संकलन गावातील एखादा मुलगा मोबाईलवरही करील, पण बोललेला मजकूर पक्का करण्यापूर्वी तो लातूरच्या गळीत धान्य संशोधन केंद्रात, नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्यावा. मूळ तुकडे संकलन झाल्यावर पुसू नयेत. पुढच्या वर्षी तीच कीड त्याच बांधावरून आली का, हे त्यांवरूनच ताडता येते.

सोयाबीनसाठी पहिले चित्रण मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतरच्या रात्री करावे, कारण उन्हाळाभर मातीत दडलेल्या गोगलगायी त्याच सुमारास बाहेर पडतात. पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत खोडमाशी पाहावी, फुलोऱ्यापूर्वी चक्रीभुंगा, आणि पुढे पिवळ्या मोझॅकसाठी पानांची खालची बाजू, जेथे पांढरी माशी बसते. पावसाळ्यात वीज जाते. त्या रात्रीसाठी बॅटरी आणि मोबाईल दोन्ही दिवसाच चार्ज करून ठेवावेत.